झिंकच्या पत्र्यावर अपयश, आशा, अनिश्चितता: चित्रात दाखवू की पत्र्यात घडू देऊ?

कोरा_पत्रा
नमस्कार मंडळी. मुद्राचित्रण (प्रिंटमेकिंग), शेवटचं वर्ष. वार्षिक मांडणीचा विषय: अपयश, आशा आणि अनिश्चितता. हातात १४ आठवडे, १० बाय १२ इंचाचे १८ गेजचे सहा झिंकचे पत्रे, आणि प्रेस आठवड्यातून दोन दिवस. नायट्रिक अॅसिडचा ट्रे आणि अॅक्वाटिंटची (पत्र्यावर राळेची पूड बसवून करड्या छटा आणण्याची) पेटी स्टुडिओत आहे.

आतापर्यंतचे आराखडे असे: मोडकी शिडी, भेगेतून उगवलेलं रोप, धुक्यात शिरणारा रस्ता, अर्धवट उघडं दार. त्यावर शेरा मिळाला, "ही भित्तिपत्रकं झाली. खालचं शीर्षक झाकलं तर काय उरतं?" शेरा पटतो, पण पुढे कुठे जायचं ते सुचत नाही.

प्रश्न तीन. एक, इतका मोठा विषय सहा पत्र्यांत कसा बसवायचा? दोन, अनिश्चितता मुद्दाम आणली तर ती खोटी नाही का वाटणार? तीन, बिघडलेली प्लेट ठेवायची कधी आणि टाकायची कधी?

खरवड
शिडी, रोप, रस्ता, दार ही चारही आयती चिन्हं आहेत. बघणारा ती एका क्षणात ओळखतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. पण तुझं माध्यम जरा नीट बघ. एचिंगमध्ये (पत्र्यावर ग्राउंड म्हणजे मेणाचा थर लावून सुईने रेषा काढायची आणि ती अॅसिडला खाऊ द्यायची) केलेलं पुसायला करण्याच्या दसपट मेहनत लागते आणि तरी खूण राहते. अॅसिडमध्ये असताना काय होतंय ते पूर्ण दिसत नाही. आणि पत्रा पुसून प्रेसखालून जाईपर्यंत काय मिळणार ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही. तुझे तिन्ही शब्द या कामात आधीच हजर आहेत, त्यांना वेगळी शिडी कशाला?

माझं सुचवणं: सहा पत्र्यांवर सहा चित्रं काढू नकोस. एकच साधी वस्तू घे, जिला स्वतःचा काही संदेश नाही. दोरीवरचा टॉवेल, स्टुलावरची पातेली, जिन्याचा कोपरा, काहीही. तीच वस्तू एका पत्र्यावर आठ-दहा अवस्थांतून ने. प्रत्येक अवस्थेत काही खोड, काही वाढव आणि दर अवस्थेची तीन प्रूफं (चाचणीचे छाप) काढ. तीनच का? एक भिंतीसाठी, एक वहीसाठी, एक त्यावर पेन्सिलने पुढचा विचार करण्यासाठी. पत्रा मागे जात नाही. गेलेल्या अवस्थेचा पुरावा म्हणजे फक्त प्रूफ.

रेम्ब्रांटचं 'तीन क्रूस' (१६५३) समोर ठेव. ड्रायपॉइंट आणि ब्युरिनचं काम, म्हणजे अॅसिडशिवाय, सुईने आणि कोरणीने थेट तांब्यावर. चौथ्या अवस्थेत त्याने गर्दीतली माणसंच्या माणसं खरवडून काढली, नवी आणली आणि बाकी भागावर काळोखाच्या सरी ओढल्या. खरवडलेल्यांचे पुसट माग त्या छापात अजून दिसतात. तिसरी आणि चौथी अवस्था शेजारी ठेवली की 'अनिश्चितता' हा शब्द उच्चारायची गरज पडत नाही.

मोरचूद
खरवडकाकांना अनुमोदन. फक्त एक आधी विचारतो: नायट्रिक किती पाण्यात आहे, ट्रे कुठे आहे, एग्झॉस्ट आहे का? आठ-दहा अवस्था म्हणजे आठ-दहा वेळा अॅसिड.

कोरा_पत्रा
एकास दहा असं सांगतात, नक्की कुणी मोजलेलं नाही. ट्रे खिडकीशी आहे. पंखा आहे, पण तो हवा आत ढकलतो.

मोरचूद
मग तुमची पहिली अनिश्चितता तीच, आणि ती अजिबात कलात्मक नाही.

आधी पंखा उलटा करा, किंवा ट्रे असा ठेवा की वारा तुमच्या पाठीकडून ट्रेवरून बाहेर जाईल. द्रावण नवं करताना पाणी आधी, अॅसिड नंतर, बारीक धारेने. कधीही उलट नाही. झिंकवर रेषेसाठी १ भाग नायट्रिक आणि ८ ते १० भाग पाणी, अॅक्वाटिंटसाठी १ भागाला १२ ते १५. जोरात फसफसून तांबूस-तपकिरी वाफ दिसली तर द्रावण फार कडक किंवा फार गरम झालंय. श्वास रोखून बाजूला व्हा, पत्रा काठीने बाहेर काढा, हवा जाऊ द्या. कापडी मास्क या वाफेला काहीच करत नाही. हातमोजे जाड रबरी. दवाखान्यातले पातळ मोजे कडक नायट्रिकपुढे टिकत नाहीत. शेजारी खाण्याच्या सोड्याचा डबा उघडा ठेवा. आणि स्पिरिट-टर्पेंटाइनची फडकी नायट्रिकजवळ फिरकू देऊ नका, त्यांची गाठ पडली तर आग लागू शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे तापमान. बाइट (अॅसिडने पत्रा खाणं) चालू असताना द्रावण स्वतःच तापतं, आणि तापलं की आणखी जोरात खातं. थंडीत सकाळी ज्या रेषेला १० मिनिटं लागली तिला एप्रिलमध्ये दुपारी निम्मी पुरतात. ट्रेमध्ये थर्मामीटर ठेवा आणि दर बाइटला आकडा लिहा. नाहीतर "या वेळी का बिघडलं" याचं उत्तर कधीच मिळणार नाही, आणि अज्ञानालाच अनिश्चितता म्हणत बसाल.

मी तर म्हणेन, नायट्रिक बंदच करा. झिंकला मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि मीठ उत्तम चालतं. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मोरचूद आणि ५० ग्रॅम साधं मीठ. हिरवट द्रावण होतं. पत्रा घातला की रेषांमधून लालसर-तपकिरी गाळ, म्हणजे तांबं, वर येतो. तो मऊ ब्रशने किंवा पिसाने हलवत राहा, नाहीतर रेषा बुजते आणि खाणं थांबतं. नायट्रिकसारखी विषारी वाफ नाही, रेषेच्या कडाही स्वच्छ येतात. द्रावणाचा रंग उडत चालला की ते दमलं असं समजा. फेकताना मोरीत नाही: धुण्याचा सोडा थोडा थोडा टाका, तांबं निळसर-हिरवा चोथा होऊन खाली बसतं, तो गाळून वेगळा ठेवा आणि रासायनिक कचऱ्यात द्या.

निळी_शाई
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण मोरचूद वापरलं की बुडबुडे नाहीत. नायट्रिकमध्ये रेषेवर मोत्यांची माळ लागल्यासारखे बुडबुडे बसतात, ते पिसाने उडवले नाहीत तर रेष मणीदार होते. याच विषयासाठी ती मणीदार रेष फार उपयोगी आहे. एका पत्र्यावर अर्ध्या रेषांवरचे बुडबुडे उडवायचे, अर्ध्यांवर राहू द्यायचे. एकच हात, एकच सुई, एकच वेळ आणि दोन वेगळ्या रेषा. एवढ्यासाठी नायट्रिकचा छोटा ट्रे ठेवायला हरकत नाही, बाकी कामाला मोरचूद.

दुसरी_बाजू
सगळे सहमत होताहेत म्हणून जरा विरोधात लिहितो.

'बिघडलेली' प्लेट हा आता एक छाप झाला आहे. फाउल बाइटचे (अॅसिडने नको तिथे खाल्लेले) ठिपके, अर्धवट पुसलेली शाई, वाकडा छापलेला कागद, खाली शीर्षक 'अपयश'. दर मांडणीत असा एक कोपरा असतोच. ठिपके सुंदर दिसतात म्हणून ठेवायचे आणि नाव अपयशाचं द्यायचं, याला मी सजावट म्हणतो. अपयशाची किंमत कुणीतरी मोजलेली असते. इथे काय मोजलं?

दुसरं असं की कृतीलाच विषय करणारे लोक पत्र्यापुरते थांबलेले नाहीत. फ्रान्सिस अलिस या कलाकाराने १९९७ मध्ये मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवरून बर्फाची मोठी लादी नऊ तासांहून जास्त वेळ ढकलत नेली, ती विरघळून संपेपर्यंत. २००२ मध्ये पेरूतल्या लिमाबाहेर त्याच्याच एका कामात ५०० माणसांनी फावड्यांनी एक वाळूची टेकडी काही इंच सरकवली. श्रम प्रचंड, फळ जवळजवळ शून्य, आणि तरीही त्यात उमेद आहे. यापुढे दहा बाय बाराच्या पत्र्याने काय करावं?

खरवड
पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. दुसरा नाही. लादी ढकलताना बघणाऱ्याला श्रम दिसतात. छापात श्रम दिसत नाहीत, खुणा दिसतात. म्हणून छाप बघणाऱ्याला तर्क करावा लागतो, आणि ती या माध्यमाची ताकद आहे.

सजावट आणि काम यांतला फरक ओळखायची एक ढोबळ कसोटी देतो. ठिपके आले. त्यानंतर तू पत्र्याशी काय केलंस? काहीच नाही आणि फ्रेम केलीस, तर सजावट. ठिपक्यांमुळे पुढचा निर्णय बदलावा लागला, आणि तो बदल पुढच्या अवस्थेत दिसतो, तर काम.

फाउल बाइट का येतं हेही माहीत हवं, नाहीतर तो 'अपघात' म्हणून विकला जातो. कारणं चार-पाचच आहेत: पत्रा नीट न धुतल्याने तेलकटपणा राहिला, ग्राउंड पातळ लागलं, ग्राउंडवर धूळ बसली, ग्राउंड जुनं होऊन तडकलं, किंवा पत्रा ट्रेमध्ये गरजेपेक्षा जास्त वेळ राहिला. धुण्याची परीक्षा सोपी आहे. खडूच्या पुडीत थोडा अमोनिया किंवा व्हिनेगर घालून पत्रा घास, नळाखाली तिरका धर. पाण्याचा अखंड पडदा राहिला तर स्वच्छ, पाणी तुटून थेंब झाले तर पुन्हा घास. हार्ड ग्राउंड घरचं करणार असशील तर २ भाग डांबर, २ भाग मधमाश्यांचं मेण, १ भाग राळ. राळ जास्त झाली की ग्राउंड ठिसूळ होतं आणि सुईखाली कपच्या उडतात. मेण जास्त झालं की चिकट राहतं आणि हाताचे ठसे उठतात.

एकदा हे हातात आलं की उलटा प्रयोग कर: पत्र्याचा डावा अर्धा निर्दोष धू, उजवा अर्धा बोटाने पुसल्यासारखा सोड. मग ठिपके कुठे येतील ते तुला माहीत असेल, किती येतील ते नसेल.

निळी_शाई
"कुठे माहीत, किती नाही" हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, कोरा_पत्रा. एका पत्र्यावर एकच गोष्ट सैल सोडायची. बाकी सगळं आवळून धरायचं: वेळ, तापमान, प्रमाण, शाई, दाब, कागद. तीन गोष्टी सैल सोडल्या की जे होतं त्याला गोंधळ म्हणतात.

सैल सोडायला काय काय मिळतं ते थोडक्यात.

शुगर लिफ्ट: साखरेचा घट्ट पाक, त्यात काळा पोस्टर रंग आणि दोन-तीन थेंब पातळ साबण. ब्रशने काढा, हाताला चिकटणार नाही इतपत वाळू द्या, वर टर्पेंटाइनने पातळ केलेलं ग्राउंड एकच हात. वाळलं की कोमट पाण्यात १५-२० मिनिटं. साखर फुगते आणि ग्राउंड उचलून टाकते. नाही उचललं, तर ग्राउंड जाड झालंय. मऊ ब्रशने हलकेच चोळा, नखाने नाही. उचलला जाईल तेवढाच आकार मिळतो. मग तिथे अॅक्वाटिंट करून बाइट.

स्पिट बाइट: राळ बसवलेल्या पत्र्यावर ब्रशने थेट अॅसिड, त्यात थोडा गोंद. कडा पाण्यासारख्या पसरतात. ब्रश सिंथेटिक घ्या, प्राण्याच्या केसांचा अॅसिड खाऊन टाकतं. हे नायट्रिकनेच होतं, म्हणून पंखा उलटा केल्याशिवाय नाही.

सरकता बाइट: पत्रा ट्रेमध्ये तिरका, दर तीन मिनिटांनी एक सेंटिमीटर वर ओढायचा. खालून वर उजळत जाणारी पायरी मिळते. मध्ये कुठे फिकट पट्टा राहिला तर त्याचं कारण तुमचा हात किंवा घड्याळ.

आणखी एक, घोस्ट छाप. एक छाप काढल्यावर पत्र्याला शाई न लावता तसाच दुसऱ्या ओल्या कागदावर फिरवायचा. खोल रेषांत उरलेलं तेवढं येतं, पुसट. तिसऱ्यांदा फिरवला तर जेमतेम एखादी सावली. पूर्ण छापाशेजारी हे दोन लावले की आशेबद्दल बोलायला रोप लागत नाही, असं माझं मत.

माळावरची
शब्दांकडेही बघा की. निवेदनात नुसतं 'अपयश' लिहिलं की परीक्षेचा निकाल डोळ्यांसमोर येतो. आपल्याकडे त्यासाठी केवढी शब्दसंपत्ती आहे!

फसणं, चुकणं, हुकणं, बिनसणं, फिसकटणं, बिघडणं, नासणं, वाया जाणं. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. लाडवाचा पाक फसतो, पण थोडं पाणी घालून पुन्हा तापवला की वाचवता येतो. गाडी हुकते, त्यात पुष्कळदा कुणाची चूक नसते. ठरलेलं लग्न फिसकटतं, म्हणजे जमत आलेलं असतं आणि शेवटी मोडतं. दूध नासतं, ते परत दूध होत नाही, पण पनीर होतं.

आता हे पत्र्यांना लावून बघा. ग्राउंड पातळ लागून ठिपके आले, ते बिघडणं, खरवडून सावरता येतं. अॅक्वाटिंट जास्त वेळ ट्रेमध्ये राहून राळेचे दाणेच निसटले आणि काळा हवा होता तिथे करडा आला, ते नासणं. काळा परत मिळणार नाही, पण त्या करड्याचं काही करता येईल. प्रेसचा दिवस चुकला आणि ओला कागद वाया गेला, ते हुकणं. चित्र अगदी स्वच्छ छापलं आणि बघून काहीच वाटलं नाही, त्याला काय म्हणाल? मी 'फसणं' म्हणेन, आणि सगळ्यात अवघड तेच.

आशेचंही तसंच: आशा, आस, उमेद, भरवसा. अनिश्चिततेला 'धाकधूक' हा किती नेमका शब्द आहे. प्रेसचं चाक फिरवताना होते ती धाकधूकच ना?

कोरा_पत्रा
माळावरची, हे फारच उपयोगी. सहा पत्र्यांना सहा क्रियापदं अशी शीर्षकं देऊ का?

दुसरी_बाजू
देऊ नका. पुन्हा शीर्षक झाकण्याचा खेळ सुरू होईल. क्रियापदं वहीत ठेवा, निर्णय घेताना वापरा. भिंतीवर 'अवस्था ३, १८ मिनिटं, २९ अंश' एवढंच लिहा.

माळावरचींचा 'स्वच्छ छापलं आणि काहीच वाटलं नाही' हा मुद्दा मात्र धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा. ते अपयश तंत्राने सावरत नाही, माध्यमच बदलावं लागतं. जर्मन चित्रकर्ती केटे कोलवित्झचं उदाहरण घ्या. विणकरांच्या उठावावरच्या तिच्या मालिकेत (१८९३ ते १८९७) सहा चित्रं आहेत, त्यांतली तीन शिळाछाप (दगडावरून काढलेली) आणि तीन एचिंग. एचिंग मनासारखं येईना म्हणून तिने पहिल्या तीन चित्रांसाठी दगड धरला. पुढे युद्धाच्या मालिकेत आधी एचिंग करून बघितलं, मग शिळाछाप, आणि शेवटी १९२१-२२ मध्ये सात लाकूडछाप केले. मुलगा १९१४ मध्ये युद्धात मारला गेला होता. म्हणजे योग्य माध्यम सापडेपर्यंत मध्ये सात वर्षं गेली. १४ आठवड्यांत निदान दुसऱ्या आठवड्यानंतर स्वतःला विचारा, हे एचिंगच का?

खरवड
वा! आणि आपल्याकडचे मुद्राचित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर (१९२१ ते २००६). धातूच्या पत्र्यांवर अॅसिडने खोल जखमा करत करत ते सत्तरच्या दशकात 'जखमा' या मालिकेपर्यंत आले, आणि तिथे पत्रा आणि शाई दोन्ही सुटले. मातीच्या लादीवर सुरीने आणि तापलेल्या सळईने चिरा पाडायच्या, तिच्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा, आणि साच्यात कागदाचा लगदा दाबायचा. वाळल्यावर पांढऱ्यावर पांढरं, क्वचित कुठे लालसर. उजेड बाजूने पडला तरच जखम दिसते. समोरून ट्यूबलाइट लावली की कोरा कागद.

हे तुझ्या आवाक्यातलं आहे, आणि तुझ्या टोपणनावालाही शोभेल. खोल खाल्लेला पत्रा शाई न लावता जाड ओल्या कागदावर छाप, नुसता उठाव येईल. पत्रा आधी टर्पेंटाइनने आणि मग साबणाने पूर्ण धुतलेला हवा, रेषेत राईएवढी जुनी शाई राहिली तरी पांढऱ्यावर करडा डाग पडतो.

आता तिसरा प्रश्न, ठेवायचं की टाकायचं. त्यासाठी खरवडणं नीट शिकून घे. तिधारी स्क्रेपर पत्र्याला जवळजवळ आडवा धरायचा, दिशा बदलत बदलत साल काढायची. एकाच दिशेने ओढलं की लाटा उठतात. मग तेलाचा थेंब टाकून बर्निशरने (गुळगुळीत पोलादी घोटणीने) दाबायचं, मग ६०० नंबरचा ओला पॉलिश पेपर, मग १०००, १२००. खोल रेष काढली की तिथे खळगा होतो, आणि पुसताना कापड खळग्यात पोचत नाही म्हणून छापात करडा डाग येतो. हा डाग नको असेल तर कॅलिपरने खळग्याची जागा पाठीमागे खूण कर आणि छापताना तिथे पत्र्याखाली पातळ कागदाचे एक-दोन तुकडे चिकटव. हवा असेल तर तसाच ठेव. बहुतेक वेळा तो डाग म्हणजे त्या पत्र्यावरची सगळ्यात खरी जागा असते.

पत्रा टाकायचा कधी? माझ्या मते दोनच वेळा. इतका पातळ झाला की प्रेसखाली वाकतो, किंवा पुढची अवस्था काय असावी याबद्दल तुला काडीचंही कुतूहल उरलं नाही.

मोरचूद
वेळेचा हिशेब कुणीच दिला नाही, म्हणून देतो.

पहिले दोन आठवडे चाचणीचे. चांगले पत्रे अजिबात वापरू नका. ऑफसेट छापखान्यातून टाकाऊ अॅल्युमिनियमच्या प्लेटा मिळतात, वरचा थर पॉलिश पेपरने घासून काढला की रेषेच्या सरावाला ठीक. मात्र मोरचूद-मिठात अॅल्युमिनियम फार जोरात खातं, तापतं आणि वायू सोडतं. द्रावण निम्मं पातळ करा, जवळ ज्योत नको, आणि अॅल्युमिनियम नायट्रिकमध्ये घालू नका. झिंकचा द्रावणाचा डबा वेगळा ठेवा.

झिंकची एक दोन इंच रुंद पट्टी अॅक्वाटिंटच्या चाचणीसाठी कापा. राळ बसवा: भिंगातून बघितलं की साधारण निम्मा पत्रा झाकलेला दिसायला हवा. खालून उष्णता द्या, पांढरी पूड पारदर्शक होऊन चमकली की लगेच थांबा. जास्त तापवलं की राळ वितळून सलग थर होतो आणि दाणा जातो. पूड हवेत असताना ज्योत पेटवू नका, भडका उडतो. इथे एन-९५ मास्क उपयोगी, कारण ती धूळ आहे. मग ५, १०, २०, ४०, ८०, १६० सेकंद असं दर वेळी दुपटीने, मधल्या पट्ट्या स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेने झाकत जायचं. ही पट्टी छापून भिंतीवर लावा. पुढचे १२ आठवडे तीच तुमची फूटपट्टी. द्रावण बदललं की नवी पट्टी.

तिसरा ते दहावा आठवडा: प्रेसचे १६ दिवस. एका पत्र्याच्या आठ अवस्था आणि उरलेल्यांपैकी तीन पत्र्यांच्या प्रत्येकी दोन-तीन, एवढंच जमेल. दोन पत्रे राखीव ठेवा. अकरावा-बारावा आठवडा अंतिम छाप. शेवटचे दोन सपाट करणं, माउंट आणि मांडणी. ओला छाप ब्लॉटिंग पेपरमध्ये वजनाखाली चार-पाच दिवस लागतोच, आणि त्या दिवसांत काहीही घाई चालत नाही.

निळी_शाई
कागदाची दोन वाक्यं. प्रूफला साधा जाड कार्ट्रिज कागद चालेल, पण अंतिमला २५० ते ३०० ग्रॅमचा सुती लगद्याचा हातकागद. साइझिंग (सरसाचा लेप) असलेला असेल तर अर्धा तास पाण्यात, नसेल तर नुसता फवारा, नाहीतर उचलताना हातात तुकडे येतील. ब्लॉटरने टिपल्यावर कागदाची चकाकी गेलेली पण गालाला थंड लागणारा, एवढा ओलसर हवा. ओल्या कागदांची चळत पावसाळ्यात दोन दिवसांवर ठेवली की बुरशी. पत्र्याची कड ४५ अंशांत कानशीने उतरवली नाही तर कागद कापला जातो आणि प्रेसचं फेल्टही (कागदावर घालायची लोकरी घोंगडी). फेल्ट कापलं की अख्खा वर्ग तुमच्या नावाने शंख करेल.

झिंकवर पिवळा किंवा पांढरा रंग वापरू नका, मळकट हिरवा-करडा होतो. काळा, तपकिरी, प्रशियन निळा ठीक.

दुसरी_बाजू
मांडणीबद्दल एकच. आठ अवस्था डावीकडून उजवीकडे ओळीने लावल्या की ती प्रगतीची गोष्ट होते: सुरुवातीला वाईट, शेवटी चांगलं. तुमच्या विषयाशी ते प्रामाणिक आहे का? चौथी अवस्था सगळ्यात चांगली होती आणि पुढे बिघडत गेलं, असं झालं असेल तर ते दिसू द्या. क्रम न लावता, पाठीमागची नोंद समोर आणून लावा. बघणारा स्वतः क्रम शोधेल, चुकेल, पुन्हा शोधेल.

कोरा_पत्रा
सर्वांचे मनापासून आभार. आता ठरलं ते असं.

वस्तू: स्टुलावर पालथी घातलेली पातेली. पत्रा १: आठ अवस्था, मोरचूद, काहीच सैल नाही, प्रत्येक वेळी एक खरवडणी सक्तीची. पत्रा २: तीच पातेली, नायट्रिक, अर्धे बुडबुडे उडवायचे, अर्धे राहू द्यायचे. पत्रा ३: शुगर लिफ्ट, जेवढं उचलेल तेवढं. पत्रा ४: खोल बाइट, शाईशिवाय उठाव, बाजूने दिवा. ५ आणि ६ राखीव. घोस्ट छाप फक्त पत्रा १ च्या चौथ्या आणि आठव्या अवस्थेचे. पंखा आज उलटा केला.

शेवटची शंका: आवृत्ती (एकसारख्या छापांचा ठरलेला संच) पूर्ण झाल्यावर पत्रा रद्द करतात, त्यावर आडवी रेघ मारतात. पत्रा १ रद्द करू का? विषय बघता रेघ मारणं बरोबर वाटतं, आणि न मारणंही.

खरवड
पत्रा १ ची तू आवृत्ती काढतच नाहीयेस, दर अवस्थेची तीन प्रूफं आहेत. त्यांवर ३/१० असं काही घालू नकोस. 'अवस्था ४, प्रूफ २/३' असं पेन्सिलने खाली डावीकडे, सही उजवीकडे. आवृत्तीच नाही तर रद्द करण्याचा नियम लागू होत नाही. नववी अवस्था कधी करावीशी वाटली तर पत्रा मोकळा हवा. साठवताना वर व्हॅसलीनचा पातळ हात, कागदात गुंडाळून कोरड्या जागी, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात झिंकवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि हलका अॅक्वाटिंट जातो.

पत्रा २, ३, ४ ची आवृत्ती काढलीस तर मात्र रद्द कर. रेघ ब्युरिनने, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. ड्रायपॉइंटच्या सुईने मारलेली रेघ बर्निशरने सहज बुजते. आणि रेघेसकट एक छाप काढून फाइलला लाव.